साडेतीन टनांवरून साडेसात टनांवर

(हे एपिसोडचं लिखित रूप. "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मागच्या वेळी ट्रकचा फोटो टाकला आणि इनबॉक्स भरला. निम्म्या लोकांनी विचारलं, "किती लाख?" उरलेल्यांनी विचारलं, "आधीची गाडी चांगली होती की, ही कशाला?" लाखांचं शेवटी सांगते. आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर मलाच नीट कळायला दीड वर्ष लागलं.

ज्यांनी मला आधी ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. मी चिखलीत राहते, साने चौकाच्या जवळ. बीटेक कॉम्प्युटर, तळवड्यात नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. पप्पा भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला होते, लातूरकडून आले आणि इथेच राहिले. आई, धाकटा भाऊ, मी. २०२२ मध्ये आम्ही एक जुनी कॅम्पर घेतली, व्हॅनच्या चेसीवरची, आधीच्या मालकाने रीतसर नोंदवलेली. दोन बेड, एक ओटा, एक छोटं बेसिन. गाडीच्या आरसीवर एकूण वजनाची मर्यादा ३,५०० किलो. हा आकडा मी तेव्हा वाचला होता आणि विसरलेही होते. जसं आपण ॲप टाकताना "आय ॲग्री" दाबतो, तसं.

२०२३ च्या मध्यावर पप्पांच्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. आठवड्यातून दोन-तीन वेळा हॉस्पिटलात जाऊन मशीनवर रक्ताचं डायलिसिस, किंवा घरी पोटाचं डायलिसिस. पप्पांनी दुसरं निवडलं, आणि कारण सरळ होतं. ते म्हणाले, "मशीनला बांधलो तर गाडीत कोण बसणार?"

पोटाच्या डायलिसिसबद्दल बऱ्याच जणांना माहिती नसते, म्हणून सांगते. पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा, मग काढून टाकायचा आणि नवा सोडायचा. याला एक्सचेंज म्हणतात. पप्पांची दिवसाला चार होतात. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास. वीज लागत नाही, मशीन लागत नाही, वरच्या खुंटीला पिशवी अडकवायची, खाली रिकामी पिशवी ठेवायची, बाकी काम गुरुत्वाकर्षण करतं. लागते ती स्वच्छता. दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, वाहत्या पाण्याखाली कोपरापर्यंत हात धुवायचे. नळी जोडतानाचे ते दोन-चार मिनिटं घरात कुणी शिंकायचंही नाही. कारण तिथून जंतू गेला तर थेट पोटात जातो.

आणि वजन. दोन लिटरची पिशवी म्हणजे वेष्टण धरून सव्वादोन किलो. चार पिशव्या म्हणजे दिवसाला नऊ किलो. दहा दिवसांची ट्रिप म्हणजे नव्वद किलोचे पुठ्ठ्याचे बॉक्स. एक जास्तीचा माणूस बसवल्यासारखं, फक्त हा माणूस खाली उतरून धक्का मारत नाही.

तर डिसेंबर २०२३. गुहागरला निघालो होतो. पाटणवरून कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. मी चालवत होते. घाट अर्धा उतरला असेल, आणि जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. पप्पा मागून शांतपणे म्हणाले, "पहिला टाक. पेडल मारू नको, गियरवर उतरव. रुंद जागा दिसली की घे बाजूला." पप्पा तरुणपणी दोन वर्षं मामाच्या ट्रकवर क्लीनर होते, ते आमच्या घरात कुणी फारसं मनावर घेत नसे. त्या दिवशी घेतलं.

गाडी थांबली. चाकांतून धूर. कमीत कमी दोन तास हलायचं नव्हतं. आणि एक्सचेंजची वेळ होऊन गेली होती. थोडा उशीर चालतो, पण आधीच दीड तास झाला होता आणि पप्पांच्या पायांवर सूज होती, म्हणून आईने ठरवलं की इथेच करू. व्हॅनमध्ये वेगळी खोली नाही. सरकत्या दाराला आतून चादर लावली, मी आणि भाऊ बाहेर. पाच-पाच मिनिटांनी ट्रक जात होता, गाडी हलत होती, धूळ उडत होती. मध्येच भावाला चाकामागे लावायला दगड हवा होता, टॉर्च आत होता, आणि त्याने दार एक वीतभर उघडलं. तेवढंच.

चौथ्या दिवशी घरी काढलेली पिशवी गढूळ आली. निरोगी माणसाची पिशवी फिकट पिवळी, आरपार दिसणारी असते, पिशवीखाली पेपर धरला तर वाचता यायला हवा. हा पहिला नियम आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता. पोटाला संसर्ग झाला होता. हॉस्पिटल, मग जवळजवळ तीन आठवडे पिशवीतूनच अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशाने झालं ते सांगता येत नाही, घरीही होऊ शकतं. भाऊ मात्र कितीतरी दिवस नीट जेवला नाही. आणि मी दार उघडण्याचा नाही, ब्रेकचा विचार करत होते. कारण ब्रेक तापले नसते तर आम्ही तिथे थांबलोच नसतो.

आता इथे माझ्यातली इंजिनिअर उशिरा जागी झाली. ब्रेक का तापले? लायनर नवे होते, ऑइल बदललं होतं. शेवटी एका रविवारी गाडी ट्रिपला जाताना असते तशी भरली, चौघं बसलो, आणि तळवड्याच्या एका वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "माल काय आहे?" आई म्हणाली, "आम्हीच."

३,७६० किलो. मर्यादा ३,५००. दोनशे साठ किलो जास्त.

यातले नव्वद पप्पांच्या पिशव्यांचे. ते काढले तरी एकशे सत्तर जास्तच. म्हणजे आजारपणाच्या आधीपासून, २०२२ पासून, आम्ही ओव्हरलोड फिरत होतो आणि इन्स्टावर सूर्यास्ताचे फोटो टाकत होतो. रिकामी पण सगळं फर्निचर असलेली गाडी ३,१९० होती. उरले ३१०. त्यात चार माणसं २६०. झालं संपलं. पाणी, गॅस, कपडे, डाळ-तांदूळ हे सगळं हवेत तरंगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट काट्यावरच कळली. पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, असं एकदा करायचं. मग उलटं. प्रत्येक ॲक्सलवर किती भार आहे ते कळतं. काट्यावर माल नेणारा कुठलाही ड्रायव्हर हे करतो, पण आम्ही "कॅम्पिंगवाले" करत नाही. आमचा पुढचा ॲक्सल मर्यादेत होता. सगळा जादा भार मागे. कारण शंभर लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे, जवळजवळ एक मीटरवर बसवलेली. बीटेकच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स असतं, तिथे सी-सॉ आठवा. मधलं अंतर ३.३५ मीटर असेल, तर ते शंभर किलो मागच्या ॲक्सलवर शंभर नाही, एकशे तीस होऊन बसतात, आणि पुढून तीस उचलतात. म्हणजे स्टिअरिंग हलकं लागत होतं ते गाडी "स्मूथ" होती म्हणून नव्हे. हा पेपर मी पहिल्या वर्षी चाळीस मार्कांनी काढला होता. व्हायवाला कुणी काटा दाखवला असता तर जास्त पडले असते.

आता पर्याय. पहिला, सामान कमी करा. केलं. ओव्हन गेला, जाड काचा गेल्या, आईची लोखंडी कढई वादविवादानंतर राहिली. शंभर-सव्वाशे किलो कमी झाले असते. पण बंद खोली कुठून आणणार? पप्पांना दार लागणारी, हात धुवायला वाहतं पाणी असलेली, सरळ उभं राहता येईल अशी चार बाय सहाची जागा हवी होती. ती व्हॅनमध्ये बसत नाही.

दुसरा पर्याय, व्हॅनचे पाटे वाढवा. हा सल्ला मला किमान पाच गॅरेजवाल्यांनी दिला. मागे दोन पाटे टाका, बसणार नाही गाडी. बरोबर, गाडी बसणार नाही. पण ब्रेक, ॲक्सल, टायर, बेअरिंग तेच. पाटे वाढवून गाडीची क्षमता वाढत नाही, फक्त ती वाकलेली दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दाबून टाकणं, एरर सुधारणं नव्हे.

तिसरा पर्याय, मोठी चेसी. आणि इथे एक मोह होता. कुदळवाडी आमच्या दारात. जुन्या ट्रकचे सुटे भाग, पत्रा, अँगल, काचा, रेल्वेच्या सीटसुद्धा मिळायच्या. एका वर्कशॉपवाल्याने (नाव घेत नाही) ऑफर दिली: दहा वर्षं जुना माल वाहणारा ट्रक घ्या, मी फाळके काढून वर घर बांधून देतो, आठ लाखांत सगळं. मी विचारलं, "पासिंग?" तो म्हणाला, "ते बघून घेऊ."

मंडळी, "बघून घेऊ" या दोन शब्दांवर मी दोन रात्री झोपले नाही. खरंच स्वस्त होतं. मग कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने मूळ जी वैशिष्ट्यं दिली आणि आरसीवर जी नोंदली, त्यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा. आरसीवर मालवाहू ट्रक, प्रत्यक्षात आत माझे आई-वडील. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. मी त्याला नाही म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, सगळे करतात." असेल.

सरळ रस्ता असा आहे: कोरी चेसी घ्यायची, म्हणजे केबिन आणि मागे नुसता सांगाडा. मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून वरचं बांधून घ्यायचं, ज्याच्या डिझाइनची मोटर कॅराव्हॅनसाठीच्या मानकाप्रमाणे तपासणी झालेली आहे. ते मानक एआयएस-१२४. (ॲम्ब्युलन्सचं १२५. शेजारी-शेजारी आहेत, आमच्या गाडीत दोन्हींचं थोडं थोडं आहे.) गंमत म्हणजे अशी तपासणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी दोन आमच्या अंगणात आहेत. एआरएआय, वेताळ टेकडीवरची, जिचं एक केंद्र चाकणलाही आहे. आणि भोसरीची सीआयआरटी, नाशिक फाट्याजवळ. पप्पा वीस वर्षं तिच्या समोरून कामाला गेले. त्यांना वाटायचं आत एसटीच्या लोकांचं ट्रेनिंग चालतं. तेही चालतंच.

किती मोठी चेसी, हा पुढचा प्रश्न. लोक म्हणतात घ्यायची तर मोठीच. मी म्हणते थांबा. कायद्यात हलकं मोटार वाहन म्हणजे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत. त्याच्या वर गेलात की तुमचं कारचं लायसन्स चालत नाही. बाजारात ७,४९० किलोचे ट्रक दिसतात ना, तो आकडा असा दहा किलो आधी का थांबतो ते आता कळलं असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतचं व्यावसायिक वाहनही वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. आमचा प्रश्न तिथवर जात नव्हता, खासगी वापराचा कॅम्पर व्यावसायिक वाहनांत मोडत नाही. पण तोवर या मुद्द्यावर विमा कंपन्या आणि ड्रायव्हर कोर्टात भांडत होते, त्यामुळे निकाल आला त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच पेढे वाटले. कुणाला काही कळलं नाही.

तरी मी भोसरीत एका ड्रायव्हिंग स्कूलकडे ट्रकचे पंधरा धडे घेतले. लायसन्स आहे म्हणजे येतं असं नाही. शिकवणारे काका पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, ट्रकमध्ये घाई म्हणजे फक्त डिझेल जळतं." हवेचे ब्रेक वेगळे असतात. सकाळी गाडी सुरू करून टाकीत हवा भरेपर्यंत थांबावं लागतं, काटा वर येईपर्यंत गाडी हलत नाही. पप्पा त्या वेळात हात धुऊन घेतात.

मग एक्सेल शीट. ही माझी आवडती जागा, त्यामुळे थोडं सहन करा. चेसी केबिनसह २,६००. खालची फ्रेम २४०. पॅनेलची बॉडी ९००. फर्निचर ६५०. तीनशे लिटर पाणी टाक्यांसह ३४०. बॅटरी आणि सोलर १५०. एसी, नळकाम, गॅस १५०. माणसं २८०. सामान २००. वीस दिवसांच्या पिशव्या १८०. बेरीज ५,६९०. मर्यादा ७,४९०.

बांधून झाल्यावर, सगळं भरून काट्यावर: ५,९४०. अडीचशे किलो कुठून आले? जिथून प्रत्येक सॉफ्टवेअर प्रोजेक्टचे जादा तीन महिने येतात तिथूनच. बारा एमएमच्या प्लायऐवजी काही ठिकाणी अठरा लागला. स्क्रू, गोंद, वायरी शीटमध्ये नव्हत्याच. आणि कढई परत आली. पण तरीही दीड टन हातात आहे, म्हणून मी झोपू शकते. व्हॅनच्या वेळी हातात उणे होतं.

बांधणीतली एकच गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी असं मला वाटतं. ट्रकची चेसी पिळवटते. खड्ड्यात एक चाक गेलं की दोन लांब चॅनेल एकमेकांच्या विरुद्ध वळतात, ते तसेच बनवलेले असतात. त्यावर तुम्ही एक ताठ खोकं बोल्टने घट्ट आवळलं तर पहिल्या वर्षात कोपऱ्यांना चिरा, दुसऱ्या वर्षात गळती. म्हणून मधे एक फ्रेम, आणि ती पुढे घट्ट, मागे स्प्रिंगवर, म्हणजे चेसी वळली तरी खोकं वळत नाही. बॉडी बिल्डरकडच्या फोरमनने हे मला दोन काडेपेट्या आणि रबरबँड घेऊन दाखवलं. चार वर्षांच्या बीटेकमध्ये टॉर्शन इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. आणि मागे लटकणारा भाग चाकांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, हा नियम आहे. आमचं अंतर ३.९ मीटर, म्हणजे मागे २.३४. मी आणखी एक फूट मागत होते. फोरमन हसला. पाण्याची टाकी आता दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आहे, हे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काम शेवटच्या टप्प्यात असताना कुदळवाडीत महापालिकेची मोठी कारवाई झाली, हजारो शेड जमीनदोस्त. आमचा कड्या-कोयंडे देणारा दुकानदार एका दिवसात नाहीसा झाला. ती बांधकामं अनधिकृत होती हे खरं. पण ज्या गल्लीत मी तीन महिने रोज जात होते तिथे नुसता सपाट मुरूम बघून पोटात कसंतरी झालं. त्याचा फोन अजून लागत नाही. आमच्या बाथरूमच्या दाराची एक कडी त्याचीच आहे, दुसरी दुसऱ्याची, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत.

जून २०२५. आता मुद्द्यावर येते. पप्पा आजारपणाआधी एकवीस वर्षं आळंदीहून वारीला चालत गेले, एकाच दिंडीतून. दोन वर्षं गेले नव्हते. त्यांनी कधी मागितलं नाही. फक्त दिवेघाटाचा व्हिडिओ टीव्हीवर आला की रिमोट हातात धरून बसायचे, आवाज वाढवायचेही नाहीत. डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, पिशव्या, स्वच्छ खोली, जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते माहीत असणं, आणि फोन चालू. फोन यासाठी की पप्पांचं नाव किडनीच्या प्रतीक्षायादीत आहे, आणि बोलावणं आलं तर काही तासांत पुण्यात पोचायला हवं. म्हणून लोणंद ते वाखरी एवढंच ठरवलं. तिथून रात्रीच्या वेळी पुणं गाठता येतं.

दिंडीचालकांनी त्यांच्या वाहनांमध्ये आमचं नाव घातलं. दिंडीच्या गाड्या चालणाऱ्यांबरोबर नसतात, त्या पुढे जातात आणि पुढच्या मुक्कामाला राहुट्या, चूल, पाणी तयार ठेवतात. लोणंदच्या तळावर आमचा नवाकोरा पांढरा ट्रक जाऊन उभा राहिला तो दोन जुन्या ट्रकांच्या मध्ये. एकात मोठी पातेली, सिलेंडर, पिठाची पोती, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली दोन आज्या मस्त झोपलेल्या. ड्रायव्हर मामांनी आमची गाडी आतून पाहिली, नळ सोडून पाहिला, बेड दाबून पाहिला. म्हणाले, "आमच्यात चाळीस माणसांचा संसार जातो. तुमच्यात किती?" मी म्हणाले, चार. त्यांनी विनोद केला नाही, हे जास्त लागलं.

खरंच आहे. चेसीवर घर ही आपल्याकडे यूट्यूबने आणलेली गोष्ट नाही. दिंड्यांचे ट्रक आहेत. नारायणगावला हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, त्या फडांचे ट्रक गावोगाव स्टेज आणि माणसं दोन्ही घेऊन जातात. जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजचा प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला असायचा आणि माणसं त्याच्याच शेजारी झोपायची. आपण फक्त त्यात एसी टाकला आणि त्याला व्हॅनलाइफ म्हणालो. सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे. आम्ही मात्र अजूनही पेट्रोल पंपावर आणि ओळखीच्यांच्या शेतातच थांबतो.

आता शेत म्हटलं म्हणून. नातेपुत्याला रात्री पाऊस झाला आणि सकाळी ट्रक काळ्या रानात रुतला. मागे डबल टायर, जवळजवळ सहा टन. व्हॅन असती तर सहा वारकऱ्यांनी "बोला पुंडलिक" म्हणून ढकलली असती. इथे वीस जणांनी ढकलूनही ढिम्म. शेवटी शेतमालकाचा ट्रॅक्टर आला. मोठ्या गाडीचे तोटे विचारता ना, हा पहिला. दुसरा, डिझेल: व्हॅन लिटरला अकरा द्यायची, हा सहा-सात. तिसरा, सोसायटीने पार्किंगला साफ नकार दिला, आता मोशीकडे एका प्लॉटवर महिन्याच्या भाड्याने उभा असतो. चौथा, चाकणच्या चौकात किंवा अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत पोलीस हात दाखवतातच, आरसी काढून दाखवावी लागते. पाचवा, झाडांच्या फांद्या. आणि तो खडखडतो. ट्रकचे पाटे भरल्या मालासाठी असतात, आपण त्यात घर घेऊन जातो, त्यामुळे मागे बसणाऱ्याला प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्यात कळतो. पप्पांच्या सीटला वेगळं सस्पेन्शन घ्यावं लागलं. चालत्या गाडीत बेडवर झोपायचं नाही, पट्टा लावून बसायचं, यावरून आमची रोज भांडणं होतात.

पण लोणंद ते वाखरी पप्पांची एकही एक्सचेंज चुकली नाही. दार बंद, पंखा बंद, नळाचं पाणी, बाहेर टाळ. सकाळची पिशवी झाली की ते उतरायचे आणि दिंडीबरोबर एक-दोन किलोमीटर चालायचे, पुढे भाऊ बाइकवर न्यायला यायचा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला थांबले. मी गाडी घेऊन पुढे गेले होते, त्यामुळे मी ते पाहिलं नाही. भावाने व्हिडिओ पाठवला, त्यात पप्पा दिसत नाहीत, फक्त घोडा आणि खूप टोप्या. पण मागे कुणीतरी माउली-माउली करत ओरडतंय तो आवाज त्यांचाच आहे. आईने लगेच ओळखला.

लाखांचं. चेसी सतराच्या आसपास, बॉडी आणि आतलं काम धरून जवळजवळ तेवढंच परत. व्हॅन विकून सहा आले. बाकी कर्ज, आणि मोशीतल्या टू-बीएचकेसाठी साठवलेलं डाऊन पेमेंट. हो, फ्लॅट गेला. मावशी अजून बोलत नाही माझ्याशी. नातेवाइकांना मी व्याजदराचं गणित सांगत बसले होते, मग सोडून दिलं. वडिलांना वारीला नेण्याचा खर्च शीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकायचा ते मला जमलं नाही. तुम्ही माझं बघून हे करू नका, तुमची परिस्थिती वेगळी असेल. पण जी गाडी आहे ती उद्याच काट्यावर घेऊन जा. अगदी किरकोळ पैसे घेतात. पाणी भरून, सगळे बसून.

वजनाची शीट ज्यांना हवी त्यांनी मेसेज करा, पाठवते. पुढच्या भागात बॅटरीवर बोलू. आता थांबते, साडेबारा वाजलेत, पप्पांची दुपारची पिशवी आहे आणि मी त्यांच्याच खोलीत रेकॉर्ड करतेय. पंखा बंद करायचाय.